उशीचं वजन

सोमवार, ४ मार्च
पुन्हा अडतीस! मी चालवली की लिटरला बेचाळीस किलोमीटर, बाबांनी चालवली की अडतीस. तीच गाडी, तोच पुलापर्यंत जाऊन यायचा रस्ता, आल्यावर त्याच मापाने टाकी गळ्यापर्यंत भरायची. आणि बाबा म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस! पाय इतका हलका की उभ्या प्रवाशालाही हिसका बसायचा नाही. माझा पाय म्हणजे धोंडा. मग हे उलटं कसं?

मंगळवार, ५ मार्च
कार्बुरेटर उघडला – स्वच्छ. ब्रेक घासत नाहीत. टायरमध्ये हवा बरोबर. दादा म्हणाला, "अगं, कारच्या एवढ्या डब्यात मोटरसायकलचं इंजिन कोंबलंस, रुसणारच ते!" मदत शून्य, अक्कल फुकट.

गुरुवार, ७ मार्च
सापडलं! शेजारची सीट होती तिथे, पत्र्यावर, चक्क उशी! वजन कमी करायला आम्ही त्या बाजूची सीट, मागची सीट, हीटर, गालिचा सगळं उपटून काढलं, आणि हे उशी घेऊन फिरतात. "पाठीला लागते," म्हणे. मग ती तिकडे कशाला? मी नको तितकं बोलले. उशी उचलून घरात आणली.
आता वाईट वाटतंय. आई गेल्यापासून बाबा माझ्याशी बोलतात ते या गाडीपुरतंच. दादा वेगळा राहतो; तेही तुटलं तर घरात दोन मुकी माणसं उरतील. रविवारच्या मायलेज स्पर्धेपेक्षा मला त्याची भीती वाटते.

शुक्रवार, ८ मार्च
उशीशिवाय – अडतीस.

शनिवार, ९ मार्च
उद्या स्पर्धा. चाळीसच्या खाली आलो की बाद. दादा म्हणतो, "आकडे बघ की! तूच चालव." पण बाबांना काय सांगू, तुमचं वय झालं म्हणून?
शेवटी विचारलंच, "बाबा, वाटेत करता तरी काय तुम्ही?"
"गाडी चालवतो," म्हणाले, आणि शीळ घालत अंघोळीला गेले. बाबा आणि शीळ! माझं डोकंच चालेनासं झालंय.
चालवू देत त्यांनाच. हरलो तर हरलो.

रविवार, १० मार्च
सत्तेचाळीस!! बाबांनी एकट्याने ट्रॅकवर गाडी अशी फिरवली की इंजिनला पत्ताही लागला नाही. दुसरा नंबर! दादाने मला उचलूनच घेतलं. कुंपणापाशी बाबांच्या बसवर कंडक्टर होत्या त्या बाईही दिसल्या. सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या त्यांच्याच. इकडे कशा काय आल्या होत्या कोण जाणे.
पण परवा अडतीस आणि आज सत्तेचाळीस? छे, काही म्हणता काही कळत नाही.

सोमवार, ११ मार्च
सकाळी चहा घेताना बाबा कपाकडे बघत म्हणाले, "आता ती शेजारची सीट परत बसव. तू उशी नेलीस तेव्हापासून बाई नुसत्या पत्र्यावर बसतात. गुडघे दुखतात गं त्यांचे."
हसू की रडू, कळेना. माळ्यावरून सीट काढली.