बार्ज मीच काढले होते

वरसे, बुधवार, ७ जानेवारी

कॉम्प्युटरवरच्या पाणबुडीच्या खेळातली आमची सहा महिन्यांची मोहीम आज उघडेचना. पेणहून धाकटी बहीण शैला तिची पाळी खेळून पेनड्राइव्ह पाठवते, मग पाळी माझी. मी फोनवर तिलाच झापलं, "फाइल बिघडवून पाठवलीस."

"ताई, माझ्याकडं उघडते गो. तूच काय काढलंस नाय ना?"

मी? मी काहीही काढलेलं नाही, असं ठणकावून फोन ठेवला.

मग आठवलं. दिवाळीत तिने खेळात आमच्या धरमतर खाडीतले बार्ज, ते माल वाहणारे सपाट तराफे, घालून दिले होते. रविवारी कॉम्प्युटर आवरताना ते मीच काढून टाकले. जन्मभर बार्जच बघितले, लढाईत ते कशाला हवेत? पण सेव्ह केलेली फाइल त्यांनाच शोधत बसते, हे मला कसं कळावं?

बार्ज परत घातले. मोहीम उघडली. आनंद व्हायला हवा ना?

शैला फोन उचलत नाही. कॉन्व्हेंट शाळेत असताना मी दिवसातून दहादा सॉरी म्हणायचे. धाकटीला एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. तिला कसं म्हणायचं असतं? शेवटी खेळातल्या बार्जचा फोटो पाठवला. तिने बघितला.

आता पाळी तिची की माझी, तेही कळत नाही.