पी वेनची जागा

२ जून
खोन केनच्या विद्यापीठात पोचले. धातुशास्त्र विभागात खिडकीजवळचं टेबल मिळालं. आमच्या मार्गदर्शक आचान सुपाफा स्वतः दारापर्यंत आल्या. सगळ्या पुरुषांत आम्ही दोघीच संशोधक मुली. दुसरी माझ्याहून थोरली, म्हणून पी, म्हणजे ताई, पी वेन. मी धाकटी, नोंग तान. तिने दुपारी मला चिकट भात आणि कच्च्या पपईची कोशिंबीर खाऊ घातली. सूक्ष्मदर्शकापुढे झेंडूचा हार आणि लाल सोड्याची बाटली असते. यंत्राचा राखणदार खूश, तर चित्र स्पष्ट.

१९ जून
माझी चित्रं धुरकट येतात. तिच्या चित्रांत कण न् कण दिसतो. ती म्हणाली, नोंग, यंत्राशी भांडू नकोस, ते नवऱ्यासारखं आहे, नुसतं ऐकल्यासारखं करतं. सगळे हसले. मीही हसले. कार्यशाळेतली माणसं तिच्यासाठी नायट्रोजनची टाकी उचलून आणतात. मला विचारतात, पी वेन कुठेय.

४ जुलै
प्राध्यापकाची जागा यंदा एकच, असं आचान म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू अजून लहान आहेस.
सगळे जेवायला गेल्यावर राखणदाराला नवस बोलले. मला पी वेनची जागा दे, शंभर उकडलेली अंडी वाहीन.

७ जुलै
पी वेन चक्कर येऊन पडली. इस्पितळात आहे. आचाननी मला तिच्या खुर्चीत बसवलं. पहिलंच चित्र लख्ख. अंडी वाहिली. आनंद झाला. लिहू नये, पण झाला.

११ जुलै
पी वेनला दिसेनासं झालंय. झाडलोट करणाऱ्या मावशीला, पा नुआनला, नवसाचे शब्द सांगितले. तिने झाडू खाली ठेवला. म्हणाली, पोरी, नुसतं जागा म्हणालीस? कुठली, ते सांगायचं असतं. आता वेन असेल तिथे तुला नेईल राखणदार.

१३ जुलै
डोळ्यांपुढे धुरकट. पडद्यावर चित्र स्वच्छ आहे, म्हणतात.

१४ जुलै
इस्पितळ. तिच्या शेजारची खाट. नवस मागे घ्यायचाय — पा म्हणते, अंडी वाहून बसलीस ना, आता कसा —

१६ जुलै
ओळी सरळ येतायत का — दिसत नाही. पी वेनने चाचपत माझा हात धरला. म्हणाली, नोंग, ती जागा तुला द्या, असं मी आचानना जूनमध्येच —

१७ जुलै
पी वेन सकाळी गेली. शवपेटी विहारात न्यायची आहे. आचान आल्यात. म्हणाल्या, तान, चल. गाडीत पेटीशेजारी तुझ्यासाठी जागा ठेव —