दिव्यामागची फट

मंगळवार, ९ डिसेंबर

नितीनच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा आज पहाटे रस्त्यातच गेला. घरून निघाला तेव्हा चांगला होता, रिंग रोडवर विझला. पुढं एक ट्रक होता म्हणे, त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून थेट मौद्यापर्यंत गेला. हे त्यानं दुपारी जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. माझा घास तोंडातच राहिला.

मौद्याच्या कारखान्यात पहिली पाळी त्याची. बेसा ते मौदा, रोज पहाटे अंधारात निघणं, त्यात हे धुकं. पोहोचला की मिसकॉल देतो. मिसकॉल येईपर्यंत मी चहाला हात लावत नाही. कोणाला बोलली नाही कधी, पण सून ओळखून आहे. जया मुकाट्यानं माझा कप झाकून ठेवते.

बुधवार, १०

आज एका सोबत्याच्या मागं बसून गेला. संध्याकाळी बल्ब आणला. मला वाटलं, आणला म्हणजे झालं. कशाचं काय.

ज्यानं ही गाडी बनवली त्यानं दिवा लावायचा विचार केला, काढायचा केला नाही. दिव्याच्या मागं हँडल, तारांचा गुंता, मीटर, आणि मधात एक फट, वाटी आडवी जाईल एवढी. त्यातून आत हात घालून आधी रबराची टोपी काढायची, मग तारेची चिमटी दाबून बाजूला सारायची, मग बल्ब. सगळं न पाहता. आणि नि.चा पंजा म्हणजे फावडं. मनगट सोलून घेतलं, चिमटी काही हाती लागली नाही.

"मेकॅनिकले दे न गा."

"तो म्हणते पूरा पुढचा भाग खोला लागते. रविवारी आण."

"मंग तोपर्यंत?"

"पाहू."

याचे बाबाही असंच पाहू म्हणायचे, अन् मग मलाच पाहावं लागायचं.

गुरुवार, ११

दुपारी नि. झोपला होता. मी उगाच गाडीपाशी गेली. फटीत हात घालून पाहिला, अंगठ्याच्या बुडाशी अडकला. तेव्हा कासार आठवला. बांगडी भरताना तो काय करते? अंगठा तळव्यात मोडते, हाताला तेल लावते, अन् बोलता बोलता बांगडी मनगटात.

बांगड्या काढून ठेवल्या. खोबरेल थंडीनं गोठलं होतं, चमच्यानं काढून कोपरापर्यंत चोळलं. अंगठा मोडला. हात सरकन आत.

डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटाला दिसून राहिलं होतं. उमरेडला लहानपणी मागावर धागा तुटला की अंधाऱ्या खोलीत बोटानंच शोधून सांधायची मी. तशीच चिमटी सापडली. जुना काढला, नवा बसवला. बल्बला पत्र्याच्या तीन जिभा आहेत, आतल्या खाचांत बसल्या की टक्क होते. झालं.

नि. उठला, चावी फिरवली, दिवा लागला. माझ्याकडं पाहातच राहिला. "आई, तू त भल्ली निघाली."

जया म्हणे, "आता पाटी लावा, आईचं गॅरेज."

शिरा केला. तूप जरा जास्तच घातलं.

शुक्रवार, १२

मिसकॉल वेळेवर. चहा गरम पिली.

रविवार, १४

नि. विचारत होता, मेकॅनिककडं नेऊ का तरी एकदा. मी म्हटलं, कशाला, चांगला जळून राहिला न दिवा. झोप घे आज.

सोमवार, १५

मिसकॉल नाही.

उजाडलं, ऊन अंगणात आलं, नाही. जयानं फोन लावला, वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. मी देवापाशी बसली, पण हात जोडायचंही सुचेना, फोनकडंच पाहत. जया म्हणे, "कामात असतील." तिचा आवाज तिलाच पटला नाही.

मग त्याचाच आला. मौदा जवळ आलं होतं, धुकं दाट, अन् बल्ब फट्कन गेला. पुढचं काही दिसेना. डांबर सुटलं अन् गाडी बाजूच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरली. धान कापून झालेलं, जमीन कोरडी, म्हणून निभावलं. गुडघा फुटला. मागून ट्रक येत होता का, विचारलं. म्हणे, "ठेव न आता."

येत होता, म्हणजे.

मंगळवार, १६

नि. सुट्टी घेऊन घरी. गुडघा सुजला आहे, तरी लंगडत दुकानाकडं निघाला. "डुप्लिकेट माल देते साला. त्याले सुनावून येतो."

तो गेल्यावर बल्बचं खोकं दिसलं, खिडकीत पडलं होतं. मी चौथी शिकलेली, पण शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही वाचून काढते. हे खोकं तेवढं वाचलं नाही, इंग्रजी म्हणून. त्यावर चित्र आहे. बल्बच्या काचेवर एक बोट, अन् त्यावर फुली. मला वाटलं, गरम असते म्हणून हात लावू नका, असं असेल. जयाला म्हटलं, पाहा तर तुझ्या फोनमध्ये. तिनं वाचून दाखवलं. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते, अन् बल्ब जाते. साध्या बोटाचं तेल. मी तर हात तेलात बुडवून गेली होती.

नि.ला फोन केला. दुकानात पोहोचला होता, मागं आवाज येत होता बोलण्याचा.

"भांडू नको. बल्ब चांगला होता."

"तुले काय माहीत?"

"तेल माझं होतं."

तिकडं दुकानदाराला थांब म्हणाला. मग म्हणे, "बरं, दुसरा घेऊन येतो."

घरी येऊन यावर एक शब्द नाही. जयाही हसली नाही. दोघांनी चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १७

आज कोरड्या हातानं. साबणानं धुतला, फडक्यानं पुसला, जयाच्या जुन्या ओढणीचा तुकडा घेऊन त्यात बल्ब धरला, खालच्या पत्र्यालाच. काचेकडं नजरसुद्धा नको.

हात आत गेला, बल्ब बदलला, पण मग हात निघेना. थंडीत सांधे सुजतात, त्यात कोरडा. गाडीला बांधल्यासारखी उभी. जया धावत आली.

"हलू नका आई."

"मी कुठी हलून राहिली वं? गाडीच सोडत नाही."

शेजारची कमल कंपाउंडवरून पाहत होती. "काहून वं नितीनच्या आई, दूध काढून राहिली का गाडीचं?"

जया हसली तेव्हा. मीही. हसताना हात ढिला पडला अन् निघाला, चामडी ठेवून.

बल्ब बसला खरा. पण टक्क नीट ऐकू आलं नाही. दोन जिभा बसल्याचं बोटाला कळलं, तिसरीचं सांगता येत नाही. चिमटीही जरा वाकली वाटते. समोरच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला. गाडी बंद असताना स्थिर, चालू केली की थरथरते.

नि. म्हणे, "ठीक आहे."

"ठीक आहे का बरोबर आहे?"

"आई, दिवा लागला न."

शुक्रवार, १९

काल, आज, दोन्ही दिवस मिसकॉल आला. तरी पहाटे तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत फाटकापाशी उभी राहते. त्याच्या पिशवीत टॉर्च ठेवला होता, त्यानं काढून ठेवला. जयानं परत टाकला. त्याला माहीत नाही.

हाताला हळद लावली. मूठ मिटत नाही. मनात सारखं तेच, तिसरी जीभ.

शनिवार, २०

उद्या मेकॅनिककडं नेणार होता. मेकॅनिक गावाला गेला, भाच्याचं लग्न. आता पुढच्या रविवारी.

संध्याकाळी आणखी एक बातमी. सोमवारपासून दुसरी पाळी. जया खूश, पहाटेचं उठणं वाचलं, धुक्यातून जाणं वाचलं. मीही हो हो म्हटलं. मग पोळ्या लाटताना लक्षात आलं, आता जाताना ऊन असेल अन् येतानाचा सगळा रस्ता रात्रीचा. तेच ट्रक, तोच दिवा.

नि.ला म्हटलं, "आता पोहोचल्यावर नको देऊ मिसकॉल. रात्री तठून निघाला की दे."

"निघाल्यावर दिला त घरी येईपर्यंत जीव टांगून बसशील तू."

खरं आहे त्याचं.

"तरी दे," म्हटलं.