गरम बॉनेट

मुरुम, ता. ९ डिसेंबर १९६२

चिरंजीव बब्रुवान,

हाताला सवय हाय म्हणून चिरंजीव लिहिलं. तुला जाऊन दोन वर्षं झाली, पण खोडवत न्हाय. पत्ता न्हाय, तरी लिहितो.

आज सकाळीच तुझा ट्रक बघायला उमरग्याचं गिऱ्हाईक आलं. रामराम व्हायच्या आधी त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. सोलापुरात जुन्या गाड्या बघताना तू ठेवायचास, अगदी तसाच. तूच म्हणायचास, "तात्या, गार गाडी चालू होत नसली की मालक आधीच तापवून ठेवतो. बॉनेट गरम लागलं की माघारी फिरायचं."

"दोन वर्षं उभी हाय म्हणता, मग गरम कशी?" त्यानं विचारलं.

तुला म्हणून सांगतो, रोज पहाटे मी हँडल मारतो. पहिल्या झटक्याला गाडी उठते. मी काचेकडं बघत न्हाय. मान खाली घालून आवाज ऐकतो, तवर तू आत बसलेला असतोस. तुझ्या आईला सांगतो, बॅटरी उतरू नये म्हणून करतो. गाडी विका म्हणून तिनंच धोशा लावला होता.

मी तोंड उघडायच्या आधी तीच उंबऱ्यातून म्हणाली, "लई दमवती हो. गार असली की उठतच न्हाय."

तुझ्या गाडीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. गिऱ्हाईक निघून गेलं.

आई चुलीकडं वळली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "उद्या जरा जास्त येळ चालू ठिवा."

तुझा,
तात्या