मंडईचं नाटक वाचलं

दिवाळीनंतरचा पयला रविवार, सांजवेळ

जिकली मी आज!

आमचे दीर गावच्या मंडळाचे अध्यक्ष. यंदा मंडईच्या जत्रेत रातीचं नाटक नको, व्हिडिओ लावू म्हनत होते. नमुना म्हनून दुपारी शाळेच्या खिडक्याईले पोते बांधून राक्षसी मासोळीच्या पिक्चरचा दुसरा भाग दाखवला. पयला भाग गावाले लय आवडला होता. याच्यात मातर तीन घंटे नुसती आग, धूर अन् उडनारी मासोळी. आमी तलावात जाळं टाकनारे, आमाले मासोळीचं काय भेव? अर्धे लोक घोरून राह्यले होते.

मंग पिक्चरात एक म्हातारी आली, पोरासाठी ताट झाकून दारात बसली. एवढंच. मले काय झालं कोन जाने, नाटकात ओरडतो तशी ओरडली, "वन्स मोअर!" सारं गाव ओरडलं. व्हिडिओवाल्याले कॅसेट मांगं घ्याच लागली. तीनदा झाकलं म्हातारीनं ते ताट. मंग लोक उठून घरी गेले.

दीर म्हने, "वयनी, इज्जत घालवली तुमी."

"मी काय केलं? त्या म्हातारीले इचारा."

"बरं बाई, नाटकवाल्याईले या म्हनून सांगतो."

जास्त तर नाई बोलली न मी? दीर रुसून तलावावर गेले हायेत. ताट झाकून ठेवलं त्याईचं.