लिंबाची गुटी

१२ फेब्रुवारी

आई येतेय! दादाचा फोन आला. "तिकीट काढलंय, नऊ मार्चला पोचेल. तिलाही जरा बदल." किती दिवस राहणार, विचारलं, तर "ते तिलाच विचार" म्हणाला. दादाकडून धड उत्तर मिळालं तर तो दादा कसला. मी मनाशी तीन आठवडे धरलेत. जास्त धरायची हिंमत होत नाही.

दादाकडे जुळी झाली तेव्हा आई सहा महिन्यांसाठी गेली होती. त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. रविवारी फोन असतो, पण तेव्हाही मागे पोरांचा दंगा, वहिनीची हाक, कुकरची शिट्टी. माझ्या वाट्याला आई येते ती फोनवर, आणि तीही अर्धीच.

१५ फेब्रुवारी

आज विमानतळावर, आमच्या झाडं-फळं तपासायच्या काउंटरवर, एक गृहस्थ पिशवीभर सफरचंदं घेऊन आले. मी म्हटलं, फळं आत नेता येणार नाहीत, कीड येते, इथेच टाकावी लागतील. म्हणाले, "टाकायची कशाला? खातो की!" आणि माझ्या टेबलापुढेच उभं राहून एकेक फस्त करायला सुरुवात. चौथ्याला चेहरा उतरला. पाचवं अर्धं खाऊन म्हणाले, "बाई, तुम्ही जिंकलात."

भिंगकाका पोट धरून हसत होते. हे आमचे वरिष्ठ. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. या माणसाने आजवर कुणाची एक बी सोडलेली नाही. मंत्र्याच्या मेव्हण्याचे कंदसुद्धा भट्टीत घातले.

काय काय लपवतात लोक! मोज्यात कंद, पावडरच्या डब्यात बिया, पडद्याच्या पोकळ दांडीत कलमं. चोर नसतात बिचारे. कुणाच्या आजोळचं काही असतं, कुणाच्या बायकोने लावलेलं. हे मला आताशा दिसायला लागलंय. पूर्वी नुसती कीड दिसायची.

२१ फेब्रुवारी

ऑफिसने आम्हाला संत्र्यांच्या खोऱ्यात नेलं होतं, रोग पाहायला. डोंगराच्या पलीकडे कुणीतरी कुठूनतरी एक कलम आणून परसात लावलं. त्यावर सायला नावाचा किडा होता. तिळाएवढा. तो रस शोषतो आणि रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. औषध नाही. अख्खं खोरं पिवळं झालंय.

बागवाल्या बाई आम्हाला ओळीओळीने हिंडवत होत्या. फळं हिरवीच गळून पडलेली, चव कडू. एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मेलं असतं तर निदान सरपण तरी झालं असतं. हे मरतही नाही हो. नुसतं उभं राहतं माझ्याकडे बघत."

ज्याने ते कलम आणलं तो कोण, विचारलं. "माझा दीरच," म्हणाल्या. "हौसेने आणलं होतं त्यानं."



१ मार्च

मागची खोली रिकामी केली. खोली कसली, अडगळ! नवी चादर आणली. मग वाटलं, आईला नवी चादर टोचते. जुनी काढून धुवायला टाकली.

२ मार्च

आईने फोनवर विचारलं, "तुझ्या गॅलरीत ऊन किती वेळ असतं गं?" म्हटलं, भरपूर, कपडे तासाभरात वाळतील, काळजी नको. "बरं बरं," म्हणाली आणि हसली. का हसली कोण जाणे.

८ मार्च

उद्या! सुट्टी मागितली होती, पण काउंटरवरची दुसरी मुलगी तापाने पडली. म्हणजे उद्या आई उतरेल तेव्हा मी गणवेशात तिथेच उभी. बरंच झालं म्हणा, सगळ्यांच्या आधी मलाच दिसेल.

९ मार्च

कसं लिहू.

सकाळची वेळ वाईटच गेली. एक म्हातारे गृहस्थ उतरले, कोटाच्या अस्तरात गुलाबाच्या काड्या शिवलेल्या. बायकोच्या थडग्यावरच्या गुलाबाच्या. मी घेतल्या. त्यांनी हुज्जत घातली नाही, रडले नाहीत. नुसतं म्हणाले, "जरा बसू का इथे?" आणि समोरच्या बाकावर बसून राहिले, मुलगा न्यायला यायचा होता म्हणून.

मग आईचं विमान आलं. लांबूनच दिसली. केवढीशी झालीय! केस सगळे पांढरे. फोनवर केस कुठे दिसतात? मला पाहून तिने हात वर केला आणि ट्रॉली सोडून दिली. ती गेली तिरकी एका साहेबाच्या पायावर. मी हसत होते, डोळे भरले होते.

तेवढ्यात मशीनवरचा माणूस म्हणाला, "ही बॅग बाजूला घ्या."

आईची बॅग.

आपल्या माणसाचं सामान आपण तपासायचं नाही असा नियम आहे. भिंगकाकांनी बॅग उघडली. शालीत गुंडाळून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं, लिंबाची गुटी. झाडावरच्या फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून घ्यायची. आईला हे येतं हेही मला ठाऊक नव्हतं. हातभर फांदी, सात-आठ पानं, टोकाला कोवळी तांबूस पालवी. आणि फॉर्मवर तिने लिहिलेलं — झाडे, बिया, फळे : नाही.

"अहो, लिंबू आहे ते," आई म्हणाली. "मी वाढवलंय, माझ्या हातानं. एक डाग नाही पानावर. ही माझी मुलगी, तिला विचारा!"

भिंगकाका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "इवलंसं तर आहे. इतक्या वर्षांनी आई आलीय तुझी. मी दोन मिनिटं चहाला जातो. काय समजायचं ते समज."

भिंगकाका! बी न सोडणारा माणूस!

समोर बाकावर ते म्हातारे अजून बसलेले. आमच्याकडेच बघत होते — रागाने नव्हे, नुसतं आपलं बघत. आणि लिंबू, म्हणजे संत्र्याचं सख्खं भावंड. खोऱ्यातल्या त्या बाईंचा बुंध्यावरचा हात दिसत होता मला.

"नाही," मी म्हटलं. "घ्या ते."

आईला ऐकू गेलं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "परक्यानं सोडलं असतं. पोटच्या पोरीनं धरलं."

टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. सहा वर्षांनी तिला मिठीसुद्धा मारली नाही.

१० मार्च

अबोला.

१२ मार्च

अबोला म्हणजे अगदीच अबोला नाही. आई भिंतीशी बोलते. "चहा ठेवलाय, कुणाला हवा असेल तर." "कुणाचे तरी मोजे सोफ्यावर पडलेत." मीही भिंतीलाच उत्तरं देते. भिंतीची चैन आहे.

ती लवकर निजते. मी दाराबाहेर उभी राहून तिचा श्वास ऐकते. हजारो मैलांवर होती तेव्हा इतकी आठवण येत नव्हती. आता एका भिंतीचं अंतर आहे आणि जीव तुटतोय. आई हवी म्हणून मी एवढी वर्षं काढली, ती हीच का? हीच. माझ्यावर रागावलेली, पण हीच. फोनवरची नको होती मला.

१३ मार्च

आईने माझ्या शर्टचं सुटलेलं बटण लावून ठेवलं. न बोलता. मी ते बटण दिवसभर चाचपत होते, काउंटरवर लोकांना वाटलं असेल बाईंच्या छातीत दुखतंय.

१५ मार्च

भिंगकाकांनी एक गोष्ट मला सांगितली नव्हती. गुटी भट्टीत घालायच्या आधी त्यांनी पानं आणि शेवाळ प्रयोगशाळेला पाठवलं होतं. आज तिथल्या मुलीचा फोन आला. स्वच्छ. सायला नाही, त्याची अंडी नाहीत, रोगाची चाचणी केली तीही स्वच्छ. "इतकं निरोगी लिंबू मी पाहिलं नाही," म्हणाली ती. आनंदाने सांगत होती बिचारी.

मी भिंगकाकांना म्हटलं, कशाला पाठवलंत? म्हणाले, "मला वाटलं कीड सापडेल, तुझं मन हलकं होईल."

मन हलकं!

१६ मार्च

आईला काय सांगू? न विचारता सांगायची गरज नाही. आणि विचारलंच तर म्हणता येईल — होती कीड, दोन पिल्लं सापडली पालवीत, बरं झालं घेतलं. कुणाचं काय जातं? आईचा राग उतरेल. राहिलेले दिवस तरी गोड जातील. दिवस असे हातातून वाळूसारखे चाललेत आणि आम्ही भिंतीशी बोलतोय.

दिवसभर वाक्य घोळवलं. अगदी तोंडपाठ झालं.

१८ मार्च

आज जेवताना आईने सरळ मला विचारलं. भिंतीला नाही.

"होता का गं किडा?"

तोंडपाठ वाक्य ओठांवर होतं. आणि मी म्हटलं, "नाही आई. काहीच नव्हतं. निरोगी होतं तुझं लिंबू."

घास तिच्या हातातच राहिला. "मग जाळलं कशाला?"

"तपासल्याशिवाय कळत नाही. आणि सगळ्यांचं तपासत बसलो तर ज्यात आहे ते तोवर निसटतं. ज्याचं घेते त्याला मी हेच सांगते — तुमचं चांगलं असेलही, पण मला माहीत नाही." मग मी तिला खोऱ्याबद्दल सांगितलं. बागवाल्या बाईंबद्दल, त्यांच्या हौशी दिराबद्दल. बाकावरच्या म्हाताऱ्यांबद्दलही.

आईने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "त्यांच्या काड्या घेतल्यास आणि माझी सोडली असतीस, तर त्यांना काय वाटलं असतं?"

"तेच तर."

"हं." तिने पाण्याचा घोट घेतला. "मला वाटलं होतं, म्हणशील सापडली अळी. मी भांडायला तयार होऊन बसले होते. सगळं ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं. फुकट गेलं मेलं सगळं!"

मला हसू फुटलं. तीही हसली. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. मग मी उठून तिला घट्ट धरलं, खरकट्या हातानेच. "अगं हात!" म्हणाली, पण सोडलं नाही.

१९ मार्च

रात्रीची भांडी आज सकाळी घासली, कारण काल बोलतच बसलो. म्हणजे ती बोलत होती.

लिंबू तिने बीपासून वाढवलं होतं, दादाच्या बाल्कनीत. "खोली पोरांची, टीव्ही त्यांचा, स्वयंपाकघर सुनेचं. सून वाईट नाही हो, लाखात एक आहे. पण चमच्याची जागासुद्धा तिला विचारावी लागते. कुंडी तेवढी माझी. तिला कधी पाणी घालायचं हे मला कुणी सांगत नव्हतं."

गेल्या वर्षी पहिली फुलं आली तेव्हा तिने मला फोन केला होता म्हणे. मी घाईत होते. मला आठवतसुद्धा नाही.

वाईट वाटलं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. मध्येच म्हणाली, "छकुले, तुझा डावा खांदा का गं वाकडा दिसतो? बॅग बदल ती." चाळिशी उलटली माझी, आणि छकुले! कुणी म्हणालंच नव्हतं इतकी वर्षं.

सारखं मनात येतं, आता राहिले किती दिवस? विचारत नाही. विचारलं की मोजायला लागेन.

२१ मार्च

आई अंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजला म्हणून मी उचलला. दादा.

"रुळली का आई? तिचं बाकीचं सामान पुढच्या आठवड्यात बोटीने पाठवतोय."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हणजे सगळं. का? बोलली नाही तुला? कायमची तुझ्याकडे राहायचं म्हणाली. त्या झाडाची फांदी लावली की मगच सांगेन म्हणत होती."

आई केस पुसत बाहेर आली. "कुणाचा गं फोन?"

"दादाचा," म्हटलं, आणि तिच्या सामानाला जागा करायला कपाटातून माझे कपडे काढू लागले.