हात लावायचा नाही

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू खुशाल आहेस आणि गिरणीतलं जेवण अजूनही वाईट आहे, हे दोन्ही वाचून आईला बरं वाटलं. पहिल्याचं समजलं, दुसऱ्याने का बरं वाटावं ते तूच तिला विचार.

इथे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बोळातसुद्धा कापडाचे गठ्ठे रचलेत. आई काजं करते, बटणं लावते आणि दुकान तिचंच असल्यासारखी मला कामाला लावते. परवा माझी एक बाही उलटी लागली, तर दिवसभर मला सुटका नव्हती.

आता तुझ्या, म्हणजे विजेच्या, खात्यातली बातमी. मशीनची मोटर आणि इस्त्री एकदम चालू केली की फ्यूज उडायचा. सारखं स्टुलावर चढून तार बदलायची, कंटाळा आला. शिवण उसवायला लागली की आम्ही दोरा दुहेरी घेतो, तसंच मी तारेचं केलं. दुहेरीही टिकेना, म्हणून तिहेरी पीळ दिला. तेव्हापासून एकदाही उडालेला नाही. तुमच्या गिरणीतल्या साहेबांना माझ्याकडे शिकवणीला पाठव.

मधूनच काहीतरी जळल्यासारखा वास येतो, आई म्हणते तो माझ्या डोक्याचा. इस्त्रीला हात लागला की झिणझिण्या येतात, पण चप्पल घातली की नाही येत. रजेवर आलास की बघ, घाई काही नाही.

आईचे आशीर्वाद. आमच्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातला घास हातातच राहिला. हे पत्र हसण्यावारी नेऊ नकोस, एवढं ऐक.

शिवणीतला टाका तुटला तर ती तुझी चूक. फ्यूजची तार तुटली तर ते तिचं कामच आहे. भिंतीतल्या वायरी तापायच्या आत तिने जळून जायचं असतं. तू तिला जळू देईनास, म्हणून आता भिंतीतल्या वायरी जळताहेत. तो वास डोक्याचा नाही. आजच्या आज मेन स्विच बंद कर, तो पीळ काढून फेक आणि ठरलेल्या जाडीची एकेरी तार घाल. मोटर आणि इस्त्री एकदम चालवायची नाही.

इस्त्री तर बंदच कर. झिणझिण्या येतात याचा अर्थ तिच्या पत्र्यात वीज उतरलीये. चप्पल घातल्याने ती कुठे गेली नाही, तुझ्या अंगातून जमिनीत जायची तिची वाट तेवढी अडली. आणि फ्यूज आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो घराला वाचवतो, माणसाला नाही. माणसाचा जीव घेणारी वीज एवढी थोडी असते की फ्यूजला तिचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वीज गळली की आपण होऊन पडणारा वेगळा स्विच मिळतो, ईएलसीबी म्हणतात त्याला. तिथल्या वायरमनकडून तो बसवून घे, अर्थिंगही तपासून घे. मला मार्चअखेरपर्यंत रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो.

पुढचं आईला वाचून दाखव. कोणी विजेला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही. पोटचं पोर असलं तरी नाही. आधी जाऊन मेन स्विच बंद करायचा. तिथवर जाताच येत नसेल, तरच कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला लोटायचं. वीज गेल्यावर मग जवळ जायचं, श्वास बघायचा आणि माणूस बरा दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचं. वायरीने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एकजण चिकटला, त्याला ओढायला त्याचा मित्र धावला. चिकटलेला वाचला, धावलेला गेला. तुम्हांला लिहिलं नव्हतं.

बोळातल्या बोर्डासमोर तू गठ्ठे रचले असशील, ते मला इथून दिसताहेत. हलव ते. आईला मेन स्विच ओढता येतो का तेही बघ.

रागावलो म्हणून रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझा धाकटा


दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने घरात काय उच्छाद मांडलाय ते ऐक. मी वाचून दाखवल्यावर आईने ते स्वतःही पुन्हा पुन्हा वाचलं आणि रोज सकाळी तिची तालीम सुरू झाली. चहा झाला की ती बसल्या जागेवरून उठते, बोळात जाते आणि सरळ मेन स्विच बंद करते. माझं मशीन अर्ध्या शिवणीत थांबतं. मी ओरडले की म्हणते, वेळेला हात चाचपडायला नको.

गठ्ठे हलवले. तार एकेरी घातली. वायरमनला निरोप धाडून झाले, त्याचं आज येतो, उद्या येतो चाललंय.

इस्त्रीचं मात्र माफ कर. गणवेश चुरगळलेले कसे देऊ? वायरमन येईपर्यंत चप्पल घालून जपून करते. आईला हे बिलकूल मान्य नाही. ती इस्त्री लपवते आणि मी शोधते, असा आमचा खेळ चाललाय. काल पिठाच्या डब्यामागे सापडली.

काळजी करू नकोस. आमची आठवण काढत जा.

तुझी ताई


दि. २ मार्च

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

ताई बरी आहे, हे आधी लिहिते. आता बाकीचं वाच.

मंगळवारी दुपारी ती कॉलरींना इस्त्री करत होती. मी दाराशी काजं करत बसले होते. कापडावर पाणी शिंपडलेलं, त्यामुळे फरशी ओली झालेली. गठ्ठा घ्यायला उठली तेव्हा चप्पल पायातून निघाली, ती पुन्हा घालायची राहिली. आवाज वगैरे काही झाला नाही. मी मान वर केली तर तिचा हात इस्त्रीवर आवळलेला होता आणि सगळं अंग थरथरत होतं. तोंड उघडं, पण शब्द नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी उठले, तिच्याकडे पाठ केली आणि बोळात जाऊन मेन स्विच ओढला. परत आले तेव्हा ती खाली पडली होती. श्वास चालू होता. शेजारच्या शिक्षिकाबाईंना हाक मारली, त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला आणि एक रात्र ठेवून घेतलं. तळहात भाजलाय, तो भरून येईल म्हणाले. निरोपांना दाद न देणारा वायरमन बातमी कळल्यावर आपणहून आला. अर्थिंगची तार कधीचीच तुटलेली निघाली. ती जोडली, भिंतीतल्या जळक्या वायरी बदलल्या, तो तू लिहिलेला स्विचही बसवला. इस्त्री मी भंगारात दिली.

तू लिहिलं होतंस तसंच मी केलं. पण बाळा, ते करताना तिचे डोळे माझ्यावर असतील, हे तू लिहिलं नव्हतंस. हात पुढे केला असता तर लागली असती, एवढी ती जवळ होती. लेक जिवाच्या आकांताने बघतेय आणि आई उठून चालू लागते, हे तिने पाहिलंय. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते, पाहुण्यांशी बोलावं तशी. पाणी हवं का, एवढंच विचारते. तिचा काही दोष नाही. मला रात्री डोळे मिटले की तिचा चेहरा दिसतो.

तिचा हात बरा होईपर्यंत मी इथेच आहे. तू रजेवर आलास की मला तुझ्याकडे घेऊन जा. तिला यातलं काही लिहू नकोस.

प्रकृतीला जप आणि माझ्यावर लोभ ठेव.

तुझी आई


दि. ४ एप्रिल

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्याकडचं वायरमनचं काम मी सगळं पाहिलं, चांगलं केलंय. नव्या स्विचवर चाचणीचं बटण आहे ते महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर वीज गेली म्हणजे तो शाबूत आहे.

आईची तालीम इथेही चालू आहे. आमच्या जिन्यात सगळ्यांचे बोर्ड एकत्र आहेत. तिने काल वरच्या मजल्यावरच्या मुकादमाचा मेन स्विच बंद केला, तो दाढी करत होता. अर्ध्या दाढीनिशी भांडायला आला आणि चहा पिऊन गेला.

एवढं सोडलं तर ती खिडकीशी बसून असते. ताई, आम्ही निघताना तू मला म्हणालीस की तिचं ऐकलं नाही म्हणून आई तुझ्यावर रागावली, म्हणून घर सोडून चालली. तसं नाही. तुला लिहायचं नाही असं तिने बजावलं होतं, तरी लिहितो. तिला वाटतंय की त्या दुपारी तिने तुझ्याकडे पाठ फिरवली, ते तुझ्या मनातून जात नाही. मी तिला हजारदा सांगितलं, पण मी तिथे नव्हतो. तू होतीस. जे काय असेल ते तूच लिही, आणि मला नको, तिला लिही.

आगाऊपणा केला असेल तर पोटात घाल.

तुझा धाकटा


दि. ११ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

माझा हात आता कात्री धरतो. मधलं बोट अजून ताठ आहे. गणवेश दिले, शाळेने उशिराबद्दल काही म्हटलं नाही. नवी इस्त्री घेतलीये, ती लपवायला घरात कोणी नाही.

धाकट्याने मला लिहिलं. त्याच्यावर रागावू नकोस. मी जपून बोलत होते ते लाजेने, आई. तू लपवलेली इस्त्री मीच शोधून काढली होती. कोणत्या तोंडाने तुझ्याशी हसूनखेळून वागणार होते? मग तू ट्रंक भरायला घेतलीस तेव्हा वाटलं, माझ्यावरच्या रागाने तू चाललीस. म्हणून अडवलं नाही.

त्या दुपारचं सांगते. मला सगळं कळत होतं. हात सुटत नव्हता, आवाज फुटत नव्हता. तू मान वर केलीस, उठलीस, तेव्हा मला एकाच गोष्टीची भीती वाटली, की तू धावत माझ्याकडे येशील. मी पडले की तू नेहमी तशीच येतेस, हातातलं टाकून. मी तुझ्याकडे बघत होते ते वाचव म्हणून नाही. नको येऊस, हात लावू नकोस, असं डोळ्यांनी ओरडत होते. आणि तू वळलीस. तुझी पाठ दिसली तेव्हा मला कळलं की आपण दोघी वाचलो.

हे मी तुला त्याच रात्री दवाखान्यात सांगायला हवं होतं.

घर फार रिकामं आहे. काजं मीच करते, ती तुला पसंत पडणार नाहीत. परत ये. तुझी माया कमी करू नकोस.

तुझी थोरली


दि. १६ एप्रिल

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. धाकटा वाचून दाखवायला निघाला होता, मी त्याच्या हातातून घेतलं. मग दिवसभर त्याला दिलं नाही.

रविवारच्या गाडीने निघते. मुकादम स्टेशनवर सामान पोचवतो म्हणालाय, त्याला बहुतेक मी गेलेली हवी आहे. तू केलेली काजं उसवून ठेव, मी पुन्हा करते. बोटाला रोज तेल लाव. हे पत्र तुला पोचेपर्यंत मी गाडीत असेन, म्हणून लोभ ठेव वगैरे आता समोरच सांगते.

स्टेशनवर मला घ्यायला ये. फलाटावर तू दिसलीस की या वेळी मी सरळ तुझ्याकडेच येणार आहे.

तुझी आई